विद्यापीठातील संगणक : किल्ली कोणाच्या हाती?

मुंबईच्या कोट विभागातून जाणाऱ्या माणसाला राजाबाई टॉवर मुद्दाम दाखवावा लागत नाही; तो दिसतोच. त्या मनोऱ्याला लागून विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ज्या देणग्या दिल्या त्या ग्रंथालयासाठीही होत्या आणि मनोऱ्यासाठीही होत्या. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले, १८७८ साली तो बांधून पुरा झाला आणि शहराचे भूषण ठरला. परंतु विद्येच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे. मनोरा पाहावयाचा असतो; ग्रंथालय वापरावयाचे असते.

आज प्रत्येक विद्यापीठ आणि बहुतेक प्रत्येक महाविद्यालय संगणक, इंटरनेटचे जाळे, पडदे लावलेले वर्ग यांवर पैसा खर्च करीत आहे. उद्घाटने होतात, फिती कापल्या जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. अशा वेळी तुमच्याआमच्यासारख्या नागरिकांनी एक साधा प्रश्न विचारावयाचा असतो. हे जे उभे राहिले आहे ते मनोऱ्याच्या जातीचे आहे की ग्रंथालयाच्या? यंत्र किती मोठे आहे हा प्रश्न दुय्यम होय. त्या खोलीची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न फार लवकर आणि फार स्पष्टपणे ज्यांनी ओळखला, त्यांत अमेरिकेतील एका लहानशा गावचे कॉलेज होते. न्यू हॅम्पशायर संस्थानातील हॅनोव्हर या गावी डार्टमथ कॉलेज आहे. तेथे गणित शिकविणारे दोन प्राध्यापक होते, जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ. केमेनी मूळचे बुडापेस्टचे. १९४० साली ते कुटुंबासह अमेरिकेत आले, आणि पुढे प्रिन्स्टन येथे काही काळ खुद्द आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक होते. कुर्ट्झ हे संख्याशास्त्राचे पंडित.

त्या काळी, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, संगणकावर काम करावयाचे म्हणजे काय करावे लागे, हे प्रथम पाहू. यंत्र अतोनात महाग असे, म्हणून त्याचा एक क्षणही वाया जाऊ नये अशी सारी व्यवस्था असे. ज्याला गणित सोडवावयाचे आहे त्याने आपल्या आज्ञा कागदी पत्त्यांवर भोके पाडून तयार करावयाच्या. पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा. आतला कारकून शंभर जणांचे गठ्ठे एकापाठोपाठ एक यंत्राला घाली. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील उत्तर हाती येई. आज्ञेत एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर उत्तराऐवजी चुकीची सूचना येई, आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. यंत्र काचेच्या पलीकडे आणि माणूस अलीकडे, असा सारा मामला होता.

डार्टमथच्या लोकांना तर काचही दिसत नव्हती. मोठे यंत्र होते ते बॉस्टनजवळ केंब्रिज येथे, एमआयटी या संस्थेत, सुमारे सव्वाशे मैलांवर. कुर्ट्झ पंधरा दिवसांतून एकदा पहाटे उठून, सहकाऱ्यांच्या पत्त्यांचे गठ्ठे एका लोखंडी पेटीत भरून, आगगाडीने तेथे जात आणि रात्री परत येत. आता हिशेब करून पाहा. एखाद्या गणितात एकामागून एक पाच चुका निघाल्या, आणि पाच चुका कोणाच्याही होतात, तर ते गणित सुटावयास दहा आठवडे लागणार. संशोधक एवढा धीर कदाचित धरील; पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कसा धरणार? अशा पद्धतीत संगणक शिकविता येत नाही, हे या दोघांना अनुभवाने कळून चुकले.

याच सुमारास त्यांना एक युक्ती सुचविण्यात आली. पूर्वी डार्टमथला शिकविणारे आणि त्या वेळी एमआयटीत असलेले जॉन मॅकार्थी यांनी कुर्ट्झ यांना सांगितले की, तुम्ही एकच यंत्र अनेकांत वाटून घेण्याची पद्धत का अवलंबीत नाही? हिला कालविभागणीची पद्धत म्हणता येईल.

ही पद्धत समजण्यास आपल्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणावी. शंभर पाने मांडली आहेत आणि वाढपी एकच आहे. त्याने पहिल्या माणसाचे जेवण वरणभातापासून विड्यापर्यंत पुरे करावयाचे आणि मग दुसऱ्याकडे जावयाचे असे ठरविले, तर शेवटच्या पानावरचा माणूस उपाशी उठून जाईल. म्हणून वाढपी प्रत्येकाला थोडेथोडे वाढीत पुढे सरकतो आणि फिरून येतो. जेवणाऱ्याला घास घ्यावयास, चावावयास वेळ लागतोच. तेवढ्यात वाढपी परत आलेला असतो. वाढपी चपळ असेल तर प्रत्येकाला वाटते की हा केवळ माझ्यासाठीच उभा आहे. माणूस विचार करतो, अक्षरे टंकतो, डोके खाजवितो, तेवढ्या वेळात यंत्र इतर अनेकांची कामे थोडीथोडी उरकून परत येऊ शकते. यंत्राचा वेग आणि माणसाचा संथपणा यांतील अंतर हेच या युक्तीचे भांडवल.

डार्टमथने जनरल इलेक्ट्रिक कंपनीची दोन यंत्रे एकमेकांस जोडली. एक दाराशी बसून सर्वांचे निरोप घेई आणि पाळी लावी. दुसरे प्रत्यक्ष गणित करी. वापरणाऱ्यांपुढे टेलिटाइप, म्हणजे तारेने जोडलेली टंकयंत्रे, ठेवलेली होती. १९६४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, पहाटे चारच्या सुमारास, दोन निरनिराळ्या टंकयंत्रांवरून दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालले आणि दोन्हींची उत्तरे बरोबर आली. नव्या पद्धतीचा जन्म झाला तो हा.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या यंत्रांना चालविणाऱ्या आज्ञावलीचे बरेचसे काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी केले. अजून पदवी न मिळालेल्या मुलांवर एवढे काम सोपविणे पुष्कळांना धाडसाचे वाटले असेल. परंतु केमेनी आणि कुर्ट्झ यांनी त्याआधी एका लहान यंत्रावर विद्यार्थ्यांना मोकळे सोडून पाहिले होते, आणि मुले काय करू शकतात याचा त्यांना प्रत्यय आलेला होता.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या वेळच्या संगणकभाषा तज्ज्ञांसाठी होत्या. डार्टमथमध्ये शास्त्र किंवा अभियांत्रिकी घेणारे विद्यार्थी सुमारे एकचतुर्थांश. बाकीचे इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र शिकणारे. केमेनी यांचे म्हणणे असे की, उद्या समाजाचे निर्णय घेणार आहेत ते हेच बाकीचे लोक. तेव्हा त्यांना संगणक ठाऊक असला पाहिजे. त्यांच्यासाठी या दोघांनी साध्या इंग्रजी शब्दांची एक छोटी भाषा रचली. तिचे नाव बेसिक. गणिताच्या नेहमीच्या अभ्यासक्रमातच दोन व्याख्याने या भाषेवर होत, आणि मग विद्यार्थी स्वतः प्रोग्रॅम लिहू लागे. आपल्याकडे १९८० नंतर ज्या शाळांत संगणक आले, तेथील मुलांनी प्रथम गिरविली ती बहुधा हीच भाषा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती यंत्राची नव्हे, धोरणाची आहे. १९६६ साली डार्टमथने संगणकासाठी कीविट केंद्र नावाची इमारत उघडली. तेथील नियम ग्रंथालयावरून घेतलेला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात विद्यार्थी सरळ कपाटापर्यंत जाई, हवे ते पुस्तक काढी. ते का हवे, असे त्याला कोणी विचारीत नसे. तसेच येथेही. विद्यार्थ्याने यावे, टंकयंत्रापुढे बसावे, काम करावे. त्याने अर्ज करावयाचा नाही, प्राध्यापकाची सही आणावयाची नाही, मिनिटामागे पैसे मोजावयाचे नाहीत.

यावर शंका निघतेच. मुले खेळत बसतील त्याचे काय? डार्टमथची मुले खेळलीच. किंबहुना १९६५ साली केमेनी यांनी स्वतःच डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्या फुटबॉल सामन्याचा एक खेळ लिहिला. त्यांची भूमिका अशी की, खेळता खेळता यंत्राची भीती जाते, आणि भीती गेल्याखेरीज विद्या येत नाही. ग्रंथालयात कोणी कादंबरी वाचतो म्हणून आपण ग्रंथालयाला कुलूप लावीत नाही.

तथापि हे उघडे दार किती उघडे होते, हेही सांगितले पाहिजे. डार्टमथ हे तोवर फक्त मुलांचे कॉलेज होते. गावातील हायस्कुलाला आणि दूरच्या इतर संस्थांना तारेने जोडून घेण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. पण स्वतःच्या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि त्या वेळी कॉलेजचे अध्यक्ष होते तेच केमेनी. संगणकाचे दार उघडून भागत नाही. त्याच्या आधीचे, विद्यापीठाचे दारही उघडावे लागते, असा याचा अर्थ.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडील आरंभ उशिराचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतः संगणक बांधला. तो १९६० साली पूर्णपणे काम करू लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असे नाव दिले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, आणि देशातील निरनिराळ्या संस्थांची कामे त्यावर होऊ लागली. ही सोय मोलाची होती यात शंका नाही. परंतु ती संशोधकांची सोय होती. बाहेरगावचा विद्यार्थी त्या यंत्रापासून तितकाच दूर होता, जितके हॅनोव्हर केंब्रिजपासून होते.

विद्यार्थ्याच्या हाती यंत्र देण्याचा ठळक प्रयोग झाला तो कानपूरला. तेथील आयआयटी १९५९ साली निघाली, आणि अमेरिकेतील नऊ शिक्षणसंस्थांच्या साहाय्याने तिची घडण झाली. १९६३ साली तेथे आयबीएम १६२० हे यंत्र आले. प्राध्यापक व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिकविण्यासाठी वापरले. विद्यार्थ्याने स्वतः प्रोग्रॅम लिहावा आणि स्वतः चालवावा, असा प्रघात पाडला. संगणकशास्त्राचे शिक्षण भारतात सुरू करणाऱ्या संस्थांत कानपूरचा मान पहिला धरला जातो. राजारामन यांची स्वस्त पाठ्यपुस्तके पुढे देशभर पोचली, आणि ज्यांनी कानपूर पाहिलेही नाही अशा मुलांनी त्यांवरून अभ्यास केला. म्हणजे येथेही यंत्राइतकेच काम केले ते शिक्षकाने आणि पुस्तकाने.

यंत्रानंतर जाळे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन, अर्नेट नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, त्या वेळच्या पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग, अशा आठ जागा त्यात होत्या. शहराशहरांमधील तारांवरून सेकंदाला ९,६०० बिट जात. आजच्या मोबाइलवर काढलेला पाच मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून पाठवावयाचा म्हटले, तर सुमारे सत्तर मिनिटे लागली असती. तरीही त्या अरुंद वाटेने प्राध्यापकांची पत्रे जाऊ-येऊ लागली. सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विद्यापीठांच्या क्षेत्रात आधी रुजलेली वस्तू नंतर समाजाला मिळाली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मार्च २०१० मध्ये सरकारने राष्ट्रीय ज्ञानजालाला मंजुरी दिली. दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपयांची ही योजना. विद्यापीठे, प्रयोगशाळा, रुग्णालये यांना अतिवेगवान तारांनी जोडणे हा तिचा हेतू. पण येथे आपल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असलेली एक गोष्ट आठवावी. धरण झाले, पाटही आला, पण पाटापासून शेतापर्यंत चारी काढली नाही तर वावर कोरडेच राहते. मोठे जाळे विद्यापीठाच्या फाटकापर्यंत येते. तेथून ग्रंथालयात, वसतिगृहात, वर्गात, प्रयोगशाळेत ते नेणे हे विद्यापीठाचे स्वतःचे काम. इमारतीइमारतींमधील तारा, त्या जोडणाऱ्या पेट्या, त्यांना अखंड वीज, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे नाव आणि परवलीचा शब्द, साठविलेल्या माहितीची दुसरी प्रत, आणि बिघाड झाल्यास धावून येणारा माणूस, या सर्वांची मिळून चारी होते. तिचे उद्घाटन कोणी करीत नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

संशोधनाचा विचार केला तर महाराष्ट्राचा वाटा अभिमानाचा आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. पुढे राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ साली परम ब्रह्म बसविण्यात आला. गंमत अशी की, महासंगणकांवर आजही जुनी रांगेची पद्धतच चालते. मोठी गणिते पाळीने लावावी लागतात, आणि त्यात गैर काही नाही. रांग असणे हा दोष नव्हे. रांगेत कोणाला उभे राहता येते, हे पाहावयाचे.

ग्रंथालयाचेही रूप पालटले आहे. इन्फ्लिबनेट या संस्थेचा आरंभ १९९१ साली पुण्याच्या आयुका संस्थेचा एक प्रकल्प म्हणून झाला. १९९६ साली ती स्वतंत्र झाली, आणि आज तिचे ठाणे गांधीनगरला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सहा हजार तीनशेहून अधिक संस्थांना खुली करण्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये ठेवण्यात आले. एखाद्या तालुक्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयाला, एरवी ज्यांची वर्गणी स्वप्नातही भरता आली नसती अशी नियतकालिके वाचता यावीत, ही मोठीच गोष्ट होय. परंतु मंजूर झाली तेव्हा ही योजना सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती होती. शेजारच्या खाजगी महाविद्यालयातील तितकाच हुशार विद्यार्थी दाराबाहेरच राहिला. पुन्हा प्रश्न तोच, किल्लीचा.

या प्रश्नाची धग साऱ्या घरांना लागली ती २०२० साली. मार्च महिन्यात देश बंद झाला, वर्ग बंद झाले, आणि शिक्षण पडद्यावर गेले. ज्या घरात एकच मोबाइल आणि तीन शिकणारी मुले, तेथे दोन मुलांचा वर्ग रोज बुडे. ज्या गावात लहर टेकडीवरच मिळे, तेथे मुले टेकडीवर जाऊन बसत. त्या काळात हे स्पष्ट झाले की, विद्यापीठाची साधने आवाराच्या भिंतीशी संपत नाहीत. विद्यार्थी जेथे बसून शिकतो तेथपर्यंत ती पोचावी लागतात.

मग विद्यापीठाने करावे काय? पहिली गोष्ट हिशेबाची. यंत्र एकदाच विकत घेतले जाते, पण त्याचा खर्च दरवर्षी येतो. वीज, थंडावा, दुरुस्ती, परवाने, आणि काही वर्षांनी जुने काढून नवे घेण्याची तरतूद, हे सारे आरंभीच मांडले पाहिजे. अनुदानातून यंत्र मिळते. त्याच अनुदानातून ते चालविणारा माणूस सहसा मिळत नाही. विहीर खणावयास कर्ज मिळाले आणि मोटेला बैल नाहीत, अशी मग स्थिती होते.

दुसरी गोष्ट माणसांची. साधने सांभाळणारा तंत्रज्ञ हा ग्रंथपालाच्या तोलाचा मानला पाहिजे. शिक्षकाला नवे साधन शिकण्यास वेळ दिला पाहिजे. त्याच्यावर ते लादून भागणार नाही. आणि विद्यार्थ्यांना केवळ गिऱ्हाईक न मानता डार्टमथप्रमाणे हाताशी धरले पाहिजे. ज्याने विद्यापीठाचे जाळे दुरुस्त केले, त्याला त्याची परीक्षा निराळी घ्यावयाची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट स्वाधीनतेची. आज पुष्कळ संस्था आपली पत्रे, धडे, संशोधनाची माहिती बाहेरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर ठेवतात. ते सोयीचे असते, आणि लहान संस्थेला तेच परवडते. परंतु भाड्याच्या घराचे नियम मालक ठरवितो. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठा फुकट दिला होता. २०२१ साली कंपनीने जाहीर केले की यापुढे प्रत्येक संस्थेला शंभर टेराबाइटची मर्यादा राहील, आणि मोठमोठ्या विद्यापीठांना आवराआवर करावी लागली. कंपनीने कपट केले असे नव्हे. तिने आपला व्यवहार पाहिला. विद्यापीठाने आपला पाहिला पाहिजे. ज्या माहितीवाचून विद्यापीठ विद्यापीठ राहणार नाही, तिची एक प्रत स्वतःच्या ताब्यात असलीच पाहिजे, आणि विद्यार्थ्यांची खाजगी माहिती कोणाकडे जाते हेही लेखी ठाऊक असले पाहिजे.

राहता राहिले आपण नागरिक. विद्यापीठाचा पैसा आपला, आणि तेथे शिकणारी मुलेही आपली. म्हणून पुढच्या खेपेस एखाद्या महाविद्यालयात नव्या संगणककक्षाचे उद्घाटन होईल, तेव्हा हार-तुरे झाल्यावर प्राचार्यांना चार प्रश्न आदराने विचारावेत. हा कक्ष संध्याकाळी सहानंतर उघडा असतो काय? कला शाखेच्या मुलीला येथे येऊन बसता येते काय, की केवळ शास्त्राच्या मुलांनाच? पाच वर्षांनी ही यंत्रे जुनी झाल्यावर पैसा कोठून येणार? आणि रात्री काही बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस कोण, त्याला पगार कोण देतो?

या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर खोलीत दहाच यंत्रे असली तरी चिंता नको. तेथे ग्रंथालय उभे राहिले आहे असे समजावे. आणि उत्तरे मिळाली नाहीत, तर खोलीत हजार यंत्रे असोत, गावाने आपल्या पैशाने आणखी एक मनोरा बांधला, एवढाच त्याचा अर्थ.